भूगोलाचा अर्धा तास

प्रिय अप्पा,

सोमवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं, भूगोलाचा तास. मी मुंबई राज्याची सीमा रंगवत होते आणि तुम्ही टोपी हातात घेऊन वर्गाच्या दारात! मला बघायला पाहुणे आले होते. सिस्टरना म्हणालात, "अर्ध्या तासात आणून सोडतो."

तो अर्धा तास आज संपला. एकोणसाठाव्या वर्षी मी दहावी पास झाले, अप्पा! म्हणून हे पत्र.

"लग्न होऊन जाऊ दे, पुढचं पुढे बघू," म्हणाला होतात. कुणी बघितलं? दादा मॅट्रिकला दोनदा आपटला, तरी तिसऱ्यांदा फी भरलीत, वर गणपतीला नारळ फोडलात. मी तर नापाससुद्धा झाले नव्हते!

पाहुण्यांना सांगितलंत, "कॉन्व्हेंटची आहे." किती शिकली, ते कुणी विचारलंच नाही. त्या एका शब्दावर लग्न झालं, त्यावरच बडोद्याला मकरपुऱ्याच्या कारखान्यात टेलिफोनवर नोकरी लागली. साहेबांचं इंग्रजी मी सुधारायची, आणि बढतीच्या वेळी तेच साहेब म्हणायचे, "सुमनबेन, तमे तो नॉन-मॅट्रिक!" निवृत्त झाले तीही टेलिफोनवरूनच.

परीक्षेला फाटकातच मास्तरांनी अडवलं. "बा, वाली बहार बेसो." पालकांनी बाहेर बसायचं म्हणे! मी म्हटलं, "परीक्षा मारी छे, भाई. मारा वाली तो उपर बेठा छे." रांगेतल्या पोरी फिदीफिदी हसल्या. तुम्ही हसू नका.

नकाशात गुजरातची सीमा काढायची होती. माझा हात बडोद्यावरून खाली उतरला तो थेट मुंबईला वळसा घालूनच परतला! घरी आल्यावर लक्षात आलं. मार्क गेले, पण वाईट नाही वाटलं. तुम्ही मला बाकावरून उठवलंत तेव्हा गुजरात वेगळं होतंच कुठे? पुढचा नकाशा मला कुणी शिकवला?

आता बारावीला बसणार. गुणपत्रिका तुमच्या फोटोसमोरच्या भिंतीवर लावते, म्हणजे नजर चुकवायला जागा नको.

सर्वपित्रीला तुमच्या आवडीची खीर आणि वडे करीन, हा माझा शब्द. माझा शब्द मी पाळते. पण पान वाढायच्या आधी मला उत्तर हवं: अर्धा तास म्हणजे किती, अप्पा?

लेखी द्या. कावळ्याच्या तोंडी निरोप चालणार नाही.

तुमची,
मॅट्रिक पास सुमन