प्रस्थानाची बॅग

अनंत चतुर्दशी, चारकोप

नात नोकरीला जर्मनीला चालली. दसरा करून जा म्हटलं तर म्हणते, "आजी, सप्टेंबर उलटला, एप्रिलपासून इथे सहा महिने भरले, तर तिथल्या पगारावर इथेपण टॅक्स बसेल. सीए दिवस मोजतोय." म्हणजे ऐन पितृपक्षात निघणार! सीएच्या घरी कालनिर्णय नाही काय?

म्हटलं, आज तुझी बॅग शेजारच्या सावंतिणीकडे ठेवू. प्रस्थान झालं, म्हणजे तू आजच निघालीस. सीएला तेच सांग नि दसऱ्यानंतर जा. तर हसते! "सरकार पासपोर्टवरचा शिक्का बघतं गं, बॅग नाही."

देवाला नुसती बॅग चालते, सरकारला अख्खी पोरगी लागते.

तरी बॅग मीच ओढत नेली. आता त्यातला ड्रेस पाहिजे म्हणून बोंबलतेय. बोंबल. प्रस्थानाची बॅग परत घरात आणत नाहीत.

म्हणजे सीएच्या आधी मीच तिला घराबाहेर काढली.