म्हातारीसाठी वळवलेली गाडी

अप्पा, तुम्हाला जाऊन आता वीस वर्षं होतील. मी निवृत्त होऊन घरी बसलोय. लोक विचारतात, कमांडोंना घेऊन हेलिकॉप्टर उडवायचात, भीती नाही वाटायची? मी हसतो. खरं सांगायचं तर भीतीही वाटत नाही आणि दुसरंही काही वाटत नाही, बऱ्याच वर्षांपासून. जेवण जातं, झोप लागते. तुम्ही गेलात तेव्हाही डोळ्यांत पाणी आलं नाही. भाऊबंद म्हणाले, फौजी आहे, घट्ट आहे.

सारखी ती सिरसाळ्याची दुपार आठवते. मी नुकताच पायलट झालेलो, सुट्टीवर आलेलो, आणि तुम्ही चालवत असलेल्या एसटीत तुमच्या मागच्याच बाकावर बसलोय. बाजारची गर्दी, गाडी खच्चून भरलेली. चार-पाच किलोमीटर पुढं आल्यावर कंडक्टर म्हणतो, "ती गठुडंवाली म्हातारी पानी प्यायला उतरली व्हती, ऱ्हायली की मागं." तुम्ही करकचून ब्रेक दाबता. मागून ओरड, "काहून थांबवली रं?" मीही शहाणपणा करतो, "अप्पा, आधीच लई उशीर झालाय. मागची गाडी आहे की तिला." तुम्ही वळूनही बघत नाही. "टाइम गाडीचा हाय, मानूस आपला हाय. ज्यानं चढवलं त्यानंच उतरवायचं." आणि अख्खी गाडी वळवून परत. म्हातारी थांब्यावरच उभी होती. रडणं नाही, भेकणं नाही. चढताना एवढंच म्हणाली, "मला ठावं व्हतं, येताल तुमी." वडवणीला पोचायला उशीर झाला, तुम्हाला मेमो मिळाला. मला तुमची लाज वाटली होती.

मग काही वर्षांनी ती कामगिरी. घरी सांगायची परवानगी नव्हती. सहा जवान डोंगरावर दोरानं उतरवले, तासाभरानं घ्यायला परत गेलो. पाच चढले. सहाव्याच्या पायात गोळी. तो खालच्या दगडांमधून सरपटत येतोय, मला काचेतून दिसतोय. पत्र्यावर गोळ्या आपटतायत. मी म्हणालो, "इंधन संपत आलंय," आणि हेलिकॉप्टर वर घेतलं. शेजारच्या सहवैमानिकानं इंधनाच्या काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि नजर समोर वळवली. दुपारी दुसरी तुकडी पोचली तेव्हा तो जवान गेलेला होता.

चार दिवसांनी गावातल्या नव्या एसटीडी बूथवर फोन लावला. बूथवाल्यानं तुम्हाला घरून बोलावून आणलं. तुम्हाला कशाचा वास आला होता कोण जाणे, नेहमीसारखं "जेवलास का" विचारलं नाहीत. म्हणालात, "चढवलेले समदे उतरवलेस ना?" मी म्हणालो, "हो अप्पा, सगळे." दुसऱ्या दिवशी तुम्ही कपिलधारला जाऊन नारळ फोडलात आणि प्रसाद टपालानं पाठवलात. माझ्यापर्यंत येईतो खोबरं खवट झालं होतं. मी ते सगळं खाल्लं.

पाच जणांना आणल्याबद्दल पदक मिळालं. ते तुम्ही डेपोत सगळ्यांना दाखवलंत म्हणे. त्याच पदकाच्या डबीखाली हा कागद ठेवीन, तुम्हाला पाठवायचा तरी कुठं? अहवालात लिहिलंय की इंधन नव्हतं, आणि ते सगळ्यांनी मानलं. तो जवान ओरडत नव्हता, हात करत नव्हता. नुसता सरपटत येत होता, मी थांबणारच हे धरून. इंधन होतं, अप्पा.