लिफ्टच्या खोलीत मेलरॉयने जाऊ नये

मी, आग्नेल पास्कोल तुस्कानो, वय एकोणसत्तर, राहणार उमेळे, वसई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहीत आहे. छाती साथ देत नाही, पण डोके ठिकाणावर आहे. गावच्या डॉक्टरने मला तपासले आणि "हे माझ्या हातचं नाही, हृदयाच्या डॉक्टरकडे जा" म्हणून सांगितले. त्याला कोणी कामचुकार म्हटले नाही.

१. राहते घर व मागची केळीची वाडी पत्नी सालोमी हिला. तिच्यानंतर मुलगा मेलरॉय याला.

२. हत्यारांची पेटी मेलरॉयला, आजच. पाने, हातोडी, ड्रिल, सगळे. नळाचा वायसर, दाराची बिजागरी, तुंबलेली मोरी, एवढे मी सोसायटीचा झाडूवाला आणि पडेल ते काम करणारा म्हणून आयुष्यभर केले. त्यापुढचे काम त्या त्या कारागिराचे.

३. सोसायटीचे सचिव दिनानाथ खामकर यांच्यावरचा राग मी कोणाला देत नाही, माझ्याबरोबर नेतो. गेल्या नाताळाआधी सोसायटीतल्या जयवंतीबाई लिफ्टमध्ये अडकल्या. मी मेन स्विच बंद केला, कंपनीला फोन लावला आणि दाराशी बसून त्यांच्याशी बोलत राहिलो. दिनानाथराव म्हणाले, "अहो दादा, दार उघडा ना! एवढी वर्षं काय नुसता झाडू मारला?" कंपनीचा माणूस आला तेव्हाच दार उघडले. पुढच्या वेळी लिफ्ट बंद पडली तेव्हा त्यांनी मेलरॉयला बोलावले. त्याने वर लिफ्टच्या खोलीत जाऊन, मोबाईलवर बघून कसली तरी तार जोडली आणि लिफ्ट चालू झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी रागावलो तर म्हणाला, "डॅडी, चालली ना? मग टेन्शन कशाला?" तेव्हापासून मला भीती वाटते. पोरगा हुशार आहे, म्हणूनच जास्त वाटते.

४. बँकेतली ठेव मेलरॉयच्या आयटीआयच्या शिक्षणासाठी. लिफ्टचे काम रीतसर शिकून प्रमाणपत्र मिळेपर्यंत त्याने त्या खोलीत पाऊल टाकू नये. दिनानाथरावांना मुद्दाम साक्षीदार घेतले आहे. उद्या "मला माहीत नव्हतं" असे म्हणता येणार नाही.

५. माझी शवपेटी सुताराने करावी, कबर खोदणाऱ्याने खोदावी. मेलरॉय मदतीला धावेल, त्याला अडवावे. त्याने फक्त खांदा द्यावा. ते काम मुलाचे, आणि ते करायला तो धडधाकट उरावा, एवढ्यासाठी हे सगळे लिहिले.

सही: आग्नेल पास्कोल तुस्कानो

आमच्यासमोर सही झाली:
दिनानाथ खामकर
जयवंती भोईर

उमेळे, वसई
९ फेब्रुवारी २०२५