आडवा हात

कासारवाडी, १२ डिसेंबर १९५६, बुधवार

चूक माझीच म्हणायची का? भाऊजींनी सिलोनचे व्हायोलिनवाले सिरिपाल आपल्याकडे उतरवले, त्याला तीन दिवस झाले. परका मुलूख, लाजरा माणूस. ताट रिकामं दिसलं की मी वाढायची आणि ते मुकाट्याने संपवायचे. आज दुपारी पोट धरून आडवेच झाले.

"वहिनी, उद्या पुण्यात कार्यक्रम आहे," भाऊजी म्हणाले. "व्हायोलिन पोटावर ठेवून वाजवायला लावता की काय त्यांना?"

मग उलगडा झाला. ताटात टाकलं तर वाढणारीचा अपमान, ही त्यांच्या आईची शिकवण. आणि आपल्याकडे हा आग्रह! मी ताटावर आडवा हात धरून दाखवला. नको म्हणजे असं. आमचे हेही आडवा हात धरायचे, पण बोटं फाकवून, मधून तुपाची धार जाईल एवढी जागा ठेवून. भाऊजींनी ते हिंदीत सांगितलं आणि पाहुणे पोट धरूनच हसले. मीही हसले. हे गेल्यापासून ती बोटं मी कुणाला सांगितली नव्हती.

ओवा घेऊन संध्याकाळी बरं वाटलं तसे ते पडवीत वाजवायला बसले. शेजारची रखमा घागर घेऊन दारातच थबकली. किती वेळ. मग म्हणाली, "पोट बरं हाय म्हनायचं पाव्हण्याचं!"

वाजवणं थांबलं. "आणखी एक," मी म्हटलं.

त्यांनी तारांवर आडवा हात धरला. उद्याचा कार्यक्रम आठवून मी आग्रह सोडला. मग बोटांकडे लक्ष गेलं. चांगली फाकवलेली होती.

"वाढा," मी म्हटलं.