'येते म्हणली' या नोंदीबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
साहस-प्रवास विमा कक्ष, विभागीय कार्यालय,
अहिल्यानगर.

विषय : कु. पंकजा सहादेव तुवर ही 'सुखरूप घरी परतली' ही खोटी नोंद खोडून तिचा शोध पुन्हा सुरू करणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र दि. २२ डिसेंबर २०२५, 'प्रकरण बंद'.

महोदय,

तुमच्या कार्यालयात कोणीतरी खोटं लिहिलं आहे. कोणी, ते कागदावर नाही. सहीच्या जागी नुसती एक वेलांटी आहे. त्या वेलांटीनं एका मुलीला घरी आणून सोडलं. ती मुलगी घरी आलेली नाही.

१. अर्जदार लंकाबाई सहादेव तुवर, वय ५१, राहणार शनिशिंगणापूर शिवारातील वस्ती, ता. नेवासा. शाळा चौथीपर्यंत. पुढचं लिहिणं किराणाच्या पुड्यांचे कागद वाचून स्वतः शिकली. तेव्हा हा अर्ज कोणी लिहून दिला, हे विचारू नये.

२. पंकजा ही अर्जदाराची मुलगी, वय २७, चाकणला कारखान्यात इंजिनियर. सुट्टी काढून उत्तराखंडातल्या खळाळत्या नदीत एकटीनं बसायची होडी, म्हणजे कयाक, चालवायला जायचं तिनं ठरवलं. तयारी घरच्या शेततळ्यात केली. जुनी होडी टेम्पोतून आणली. कमरेला रबरी घागरा घालायचा, त्याची कड होडीच्या तोंडाला घट्ट बसवायची, म्हणजे पाणी आत शिरत नाही. मग मुद्दाम उलटं व्हायचं आणि वल्ह्याच्या हिसक्यानं सरळ व्हायचं. शेजारच्या बायडाबाई काठावरून म्हणाल्या, "पावनं बघून कट्टाळली आन् होडीशीच गाठ मारली व्हय गं?" पंकजा नाकातलं पाणी शिंकरत म्हणाली, "मावशी, ह्यो उलटा झाला तरी सरळ करता येतो. तुमच्या मालकांचं बघा तेवढं." अर्जदार काठावर बसून मोजायची. सातच्या आत डोकं वर यायचं. एकदा नऊ झाले, तर अर्जदार साडीनिशी तळ्यात उतरली.

३. विमा तिनंच काढला. फॉर्म मोठ्यानं वाचून दाखवला. 'साहसी खेळ' यावर खूण केली, 'शोधकार्य' यावर केली. "आई, ह्यात हुडकायचं पण हाय." अर्जदारानं विचारलं, हुडकायचं म्हंजी काय? ती म्हणाली, "म्हंजी तू मोजायची थांबलीस तरी ते थांबायचे न्हाईत."

महोदय, हे वाक्य तुमच्या पुस्तिकेत नसेल. पण विमा त्याच वाक्यावर घेतला गेला.

४. दि. १४ नोव्हेंबरला होडी उलटली. मागच्या होडीत तिचा मित्र हर्षल होता, पारनेरचा. होडी पुढं वर आली, रिकामी. तीन दिवस शोध चालला. चौथ्या दिवशी सकाळी तुमच्या कार्यालयातून फोन आला. तो अर्जदाराचे पती सहादेव यांनी घेतला. विचारलं गेलं, मुलीचं शेवटचं बोलणं काय? सहादेव रडत म्हणाले, "येते म्हणली, साहेब. येते म्हणली." फोन ठेवला गेला. तुमच्या कागदावर लिहिलं गेलं : 'विमाधारक परत येत असल्याचे वडिलांकडून समजले.' पुढच्या कागदावर 'येत' याचं 'आली' झालं. दुपारी तिथला शोध थांबला.

आमच्याकडं घरातून निघणारं माणूस 'जाते' म्हणत नाही. तुमच्याही घरी म्हणत नसतील. आपण सकाळी डबा घेऊन 'येतो' म्हणून बाहेर पडता, तेव्हा घरचे तिथंच संध्याकाळची नोंद करतात काय?

५. तक्रार केल्यावर तुमच्या तपासनीस राजेश्वरी मॅडम घरी आल्या. बाई वाईट नव्हती. चहा घेतला, खोल्या पाहिल्या, चौकट पाहिली. या गावच्या रीतीनं आमच्या घराला दार नाही, नुसती चौकट आहे. त्यांनी अहवाल दिला : 'घरास दार नसल्याने विमाधारक आलेली नाही असे खात्रीने म्हणता येत नाही.' मग आपल्या कार्यालयानं 'न आल्याचा दाखला' मागितला. ग्रामसेवक म्हणाले, "काकू, जन्माचा हाय, मृत्यूचा हाय, रहिवासाचा हाय. न आल्याचा नमुनाच न्हाई."

६. यापुढचं अर्जदार लिहिणार नव्हती. पण लपवून अर्ज करणं तिला जमत नाही.

आपल्या कागदानं मुलगी घरी आणल्यापासून घर बिघडलं आहे. सरावाचा रबरी घागरा दिवाळीपासून दोरीवर आहे. फेब्रुवारीचं ऊन आहे, तरी त्याच्या कडेतून पाणी गळतं. अर्जदार पिळते, सकाळी पुन्हा गळतं. भर दुपारी उंबरा ओला असतो. बायडाबाईंनी हात लावून पाहिला आणि त्या दिवसापासून त्या अंगणातूनच हाक मारतात. अर्जदाराच्या मोबाईलवर तुमचा मेसेज येतो, 'सुखरूप परतल्याबद्दल अभिनंदन! प्रवास कसा झाला?' दर सोमवारी येतो. सहादेव 'येतो' हा शब्द बोलत नाहीत. शेतावर निघताना चौकटीत उभे राहून स्पष्ट सांगतात, "मी जातो." असलं अभद्र रोज ऐकावं लागतं, पण अर्जदार त्यांना रागवत नाही. आणि ती अजून मोजते आहे. आकडा विचारू नये.

७. हर्षल सांगतो, "काकू, आत्ता पानी उतरलंय. त्या खडकाखाली पोकळी हाय, तिथं मानूस घालता येतो. उन्हाळ्यात बर्फ वितळलं का न्हाई जमायचं. पर कंपनीचा कागद पायजे." तो कागद तुमच्याकडं अडला आहे, आणि तिकडं ऊन वाढतं आहे.

८. अर्जदार भरपाई मागत नाही. 'गेली' असं लिहा, असंही म्हणत नाही. तो शब्द तिनं स्वतः अजून उच्चारलेला नाही. 'अजून आलेली नाही' एवढंच खरं लिहावं आणि माणसं त्या खडकापाशी पाठवावीत. ते जमत नसेल, तुमचाच कागद खरा असेल, तर लेखी कळवावं : पंकजा कोणत्या तारखेला, कोणत्या वाटेनं, कोणासमोर घरी आली? आणि ती आली असेल, तर आईशी बोलत का नाही?

उघड्या चौकटीत बसून वाट पाहणारी,

लंकाबाई सहादेव तुवर
दि. ९ फेब्रुवारी २०२६

सोबत :
१) आपल्या पत्राची प्रत.
२) रबरी घागरा, नग एक, पिशवीत. टेबलावर ठेवू नये, कागद भिजतील.
३) कोरा कागद, एक. उत्तरासाठी. हा कोरा परत पाठवू नये.