ऑर्व्हिलला न गेलेला फोन

प्रिय कॉरिन,

त्या सकाळी मी रुबार्बचे देठ चिरत होते आणि हाल्वर स्वयंपाकघरातल्या फोनपाशी उभा होता. हाल्वर गव्हर्नर, घरात नोकरमाणसं होती, पण त्या आंबट देठांची गोड पाई भट्टीत भाजायचं काम मी कुणाला करू देत नसे. कॉफी उतू गेली, मी ओटा पुसला, त्याच्या शर्टाला इस्त्री केली, तरी तो तिथंच. रिसीव्हर उचलायचा, दोन आकडे फिरवायचा, ठेवून द्यायचा.

त्याची रीत तुला ठाऊक आहे. कुठलंही पद भरायचं असलं की ज्याला ते मिळणार नाही त्याला तो आधी फोन करी, स्वतः. म्हणायचा, "व्हर्ना, आनंदाची बातमी कुणीही सांगेल. दुसरी मीच सांगायला हवी." राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातली जागा तुला द्यायचं ठरलं होतं, आणि फोन जायचा होता ऑर्व्हिल हॅगलंडला; ती जागा आपलीच, असं तो धरून चालला होता.

पहिल्या निवडणुकीत ऑर्व्हिलच्याच पिकअपमधून आम्ही तिघं गावोगावच्या जत्रा आणि चर्चच्या तळघरातली जेवणं करत हिंडलो. मी दोघांच्या मध्ये, गिअरचा दांडा गुडघ्याला लागायचा. ऑर्व्हिल म्हणायचा, "हाल्वर, तू सगळ्यांपुढेच मान डोलावतोस. एक दिवस तुझी मान तरी मोडेल, नाहीतर पक्ष." आणि हाल्वर, "मोडली तर धरायला तू आहेस की, वकीलसाहेब!" आम्ही रडेपर्यंत हसायचो. इतकं सुख पुढे त्या मोठ्या घरातही मिळालं नाही.

म्हणूनच त्याला तो फोन जमेना. "बैठकीहून आल्यावर करतो," म्हणून तो निघून गेला. दुपारी ऑर्व्हिल फोटोसाठी केस कापून घेत न्हाव्याच्या खुर्चीत बसला होता, न्हावी आधीच अभिनंदन करून मोकळा झाला होता, आणि रेडिओनं तुझं नाव सांगितलं.

पुढचं तू पाहिलंसच. पक्षाच्या अधिवेशनात ऑर्व्हिलनं पक्षातले सगळे कडवे लोक एकत्र केले. "आपला गव्हर्नर विरोधकांच्या बाईला न्यायाधीश करतो, मग आपण घरोघर पत्रकं कशाला वाटली?" टाळ्या थांबेनात. पक्षानं उमेदवारी दुसऱ्याला दिली, हाल्वर पुन्हा उभा राहिला नाही, आम्ही शेतावर परत आलो. ऑर्व्हिलला तो कधी वाईट बोलला नाही. तुझ्या निवडीचाही त्याला कधी पश्चात्ताप झाला नाही. शेवटच्या दुखण्यात मात्र एकदा म्हणाला, "तो फोन राहिला गं."

तो गेल्यापासून कॉफी अजूनही जास्तच होते. उरलेली मी दुपारी पिते, तू पाठवलेलं पुस्तक वाचत. कठीण शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारून ठेवते. तू आलीस की विचारीन.

गेल्या आठवड्यात ऑर्व्हिलच्या बायकोचा, आर्डिसचा फोन आला. ऑर्व्हिल वृद्धाश्रमात आहे, मधली सगळी वर्षं त्याच्या डोक्यातून पुसली गेलीत. रोज सकाळी टाय लावून फोनपाशी बसतो. "गव्हर्नरचा फोन यायचाय, बाकीच्यांनी लाईन मोकळी ठेवा," असं नर्सना दरडावतो. न्याहारीला उठत नाही. आर्डिस रडत होती. "व्हर्ना, मागायला मला तोंड नाही. पण तुझा आवाज तो ओळखेल. हो सांग, नाही सांग, काहीतरी सांग."

"बघते," म्हणून मी फोन ठेवला. मनात आलं, बसू दे. ज्यानं माझ्या माणसाचं राजकारण संपवलं त्याची न्याहारी मी का बघू? खरं सांगावं, तर ते त्याला रोज नव्यानं लागणार. आणि खोटं बोलणं हाल्वरला कधी जमलं नाही, मलाही नाही.

पण राहिलेलं काम हाल्वरचं होतं. त्या जागेवर तू इतकी वर्षं बसलीस, तिचं सोनं केलंस, म्हणून हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये. ज्याची जागा जाते त्याला घरच्यांनीच सांगायचं, ही आमची रीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑर्व्हिलला फोन केला आणि गव्हर्नरच्या वतीनं तुझी खुर्ची त्याला दिली.

तुझीच,
व्हर्ना