ऐकण्याचा महिना

रविवार, ६ ऑक्टोबर
चर्चमध्ये पाळक ग्रेटाबाईंनी आज सगळ्यांना घरचा अभ्यास दिला. बायबलमधलं एक वचन निवडायचं आणि महिनाभर ते घरात, दुकानात, रस्त्यावर जगून दाखवायचं. बाकीच्यांनी सोपी सोपी उचलली. मी याकोबाच्या पत्रातलं घेतलं: ऐकायला तत्पर असा, बोलायला सावकाश, रागवायला त्याहून सावकाश. हे मला किती चपखल बसतं ते ग्रेटाबाईंना दारातच समजावून सांगितलं. मागे रांग लागली होती. लोकांनाही ऐकायला मिळालं.
गाडीत नादीनला सांगितलं. "तू? ते निवडलंस?" असं म्हणून ती खिडकीबाहेर मक्याची शेतं बघत राहिली. बायको भारावली की अशी गप्प होते.

सोमवार, ७ ऑक्टोबर, सकाळ
सुरुवात झकास. नाश्त्याला नादीन म्हणाली, "हार्लन, मला तुला एक सांगायचंय." पहिल्याच दिवशी संधी! तिला म्हटलं, थांब, आधी ऐकणं म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. कानाने ऐकणं वेगळं, मनाने वेगळं, आत्म्याने वेगळं. तिसऱ्या प्रकाराशी पोचेपर्यंत तिची कॉफी निवली. "राहू दे, नंतर," म्हणाली आणि बशा उचलल्या. संयम तिच्यातही येतोय.

मंगळवार, ८ ऑक्टोबर
कुंपणापाशी शेजारी ऑरिन भेटला. ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात हयात गेलेला माणूस. बायकोला मूठमाती दिल्यापासून चर्चची पायरी चढलेला नाही. त्याला वचन सांगितलं, त्याचा अर्थ सांगितला, मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात मी गिऱ्हाइकाचं किती ऐकून घ्यायचो तेही सांगितलं. तो "हं" म्हणाला. नंतर पुन्हा "हं." बोलण्याची कलाच नाही बिचाऱ्याकडे. याला प्रभूकडे वळवायचा, ठरलं.

गुरुवार, १० ऑक्टोबर
मन लागत नाही. गराज दोनदा झाडलं. रेडिओ लावला, बंद केला. ऐकायला तयार बसावं तर घरात कोणी बोलतच नाही.
संध्याकाळी ओमाहाहून कार्लाचा फोन. "बाबा, आई बरी आहे ना?" म्हटलं, उत्तम, आणि मुलीला वचनाबद्दल सांगायला घेतलं. मध्येच म्हणाली, "बाबा, फोन आईला दे." राग आला, पण सावकाश आला. जेवण होईपर्यंत धरून ठेवला आणि मग बटाट्यात मीठ नाही यावरून काढला. प्रगती आहे.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर
खिडकीतून बघतोय. नादीन ऑरिनच्या ओसरीवर बसली आहे. ती बोलतेय, तो अक्रोड फोडतोय. बराच वेळ झाला. माझंच काम पुढे नेतेय. सुवार्तेची तळमळ तिच्यात माझ्यामुळेच आली.
तिने डोळे पुसले. प्रभूविषयी बोलताना माझंही तसंच होतं.

रविवार, १३ ऑक्टोबर
चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी ग्रेटाबाईंनी विचारलं, कोणासाठी प्रार्थना करायची आहे का? नादीनने हात वर केला. मी ओळखलं: माझ्या वचनाचा आठवडा कसा गेला ते लोकांना कळावं अशी तिची इच्छा. तिला संकोच नको म्हणून मीच उठलो आणि माझ्या अनुभवाची साक्ष दिली. थोडी लांबली. लोक भावनेने खाली बघत होते. बसलो तेव्हा नादीनचा हात खाली आला होता.
परतताना ती एक शब्द बोलली नाही. बोलायला सावकाश. शिकतेय.

मंगळवार, १५ ऑक्टोबर, सकाळ
नादीन ऑरिनच्या पिकअपमधून लिंकन शहरात गेली. "दुपारपर्यंत येते." कशाला, ते मी विचारलं नाही. जिभेवर एवढा ताबा आजवर कधी जमला नव्हता.

दुपार
आली नाही. फाटकापर्यंत जाऊन आलो. पुन्हा जाऊन आलो. सूप गरम केलं, गॅस बंद केला, परत लावला. कार्लाला फोन केला, सहज.
आई लिंकनला गेलीये, अजून आली नाही, म्हटलं. कार्ला म्हणाली, "बाबा, तुला माहीत नाही? आईच्या छातीत गाठ लागलीये. आज तुकडा काढून तपासायला नेणार आहेत. ती तुला आठवडाभर सांगायचं बघतेय."

संध्याकाळ
ऑरिनने तिला हात देऊन उतरवलं, टोपीला हात लावला आणि गेला. नादीनचा चेहरा पांढरा पडला होता. मी विचारलं, त्याला सांगितलंस आणि मला नाही?
ती कोट न काढताच बसली. म्हणाली, "त्याला सांगायला मी गेले नव्हते, हार्लन. उरलेला केक द्यायला गेले होते. मी बोलायला लागले आणि तो थांबला, इतकंच."
यावर मला बरंच म्हणायचं होतं. सुरुवातही केली. ती डोळे मिटून म्हणाली, "आज नको."

गुरुवार, १७ ऑक्टोबर
बसवत नाही. ती खोलीत आली की उठून उभा राहतो. "काही सांगायचंय का?" म्हणून विचारतो. सकाळपासून किती वेळा विचारलं कोण जाणे. शेवटी म्हणाली, "तू असा समोर उभा राहिलास की मला काय बोलायचं होतं तेच विसरायला होतं."

शुक्रवार, १८ ऑक्टोबर
दहाच्या सुमाराला हॉस्पिटलचा फोन आला. नादीनने स्वयंपाकघरात घेतला. मी जवळ जाऊन म्हटलं, निकाल काहीही असो, देवाची योजना... तिने तळहात उभा धरला. मी थांबलो. तिने ऐकलं, "थँक यू" म्हणाली, फोन ठेवला, ओट्याला धरून जरा उभी राहिली. मग स्वेटर अंगावर टाकून मागच्या दाराने बाहेर गेली.
मी टेबलाशी बसून राहिलो.
थोड्या वेळाने कार्लाचा फोन. रडत होती, हसतही होती. "बाबा, आईचा मेसेज आला. गाठ साधी आहे, काळजीचं काही नाही. तू तर घरातच आहेस, तुला आधीच कळलं असेल."
म्हटलं, हो, कळलं.
"आई काय करतेय?"
म्हटलं, शेजारी गेलीये.